मले कोणी इचारलंच नाही

मागच्या महिन्यात गोंदियाला जाणाऱ्या गाडीत जे पाहिलं, ते लिहावं की नको यात पंधरा दिवस गेले. न लिहिणंच सोयीचं होतं, कारण या गोष्टीत मीही काही शोभून दिसत नाही. पण रोज कुणीतरी एक व्हिडिओ पाठवतं, ‘पकडले धर्मांतरवाले’ म्हणून, आणि खाली टाळ्यांचा पाऊस. म्हणून लिहितोय. पोस्ट मोठी आहे. वाचायची तर पूर्ण वाचा, अर्धी वाचून भांडायला येऊ नका. आणि दोन्ही बाजूंनी रागवायची तयारी ठेवा.

स्लीपरचा डबा. नगरला चार पोरं चढली होती, वीस-बावीस वयाची, तीन मुलगे, एक मुलगी. पाठीवर सॅक, एकाकडे गिटार. बोलण्यावरून कळलं की कुठल्याशा चर्चच्या युवक गटाची आहेत, आठवडाभर विदर्भातल्या एका खेड्यात जाणार आहेत. त्यांच्या भाषेत ‘मिशन ट्रिप’. अकोल्याला एक शेतकरी काका चढले, साठीचे. बायको नागपूरला दवाखान्यात, कॅन्सर. डबा घेऊन निघाले होते. माणूस दुःखात असला की बोलतो, तसे बोलत होते. समोरचा पोरगा ऐकत होता. खरंच ऐकत होता, मोबाईल खिशात ठेवून. मग म्हणाला, “काका, मी येशूवर विश्वास ठेवतो. तुमची हरकत नसेल तर काकूंसाठी प्रार्थना करू का?”

काका म्हणाले, “कर ना बापा. त्यात काय बिघडते?”

पोराने डोळे मिटले, हळू आवाजात मिनिटभर काहीतरी म्हणाला. काकांनी हात जोडले होते. मग पोराने एक छोटं पुस्तक दिलं. काकांनी उलटसुलट करून पाहिलं आणि पिशवीत ठेवलं. आणि मग पोराने एक वही काढली. “काका, तुमचं नाव, गाव आणि नंबर सांगता?”

ती वही मला खटकली. तिच्याकडे नंतर येतो.

तेवढ्यात साइडच्या बर्थवरचा एक गृहस्थ उठला. “ए, काय चाललंय? धर्मांतर करतो काय म्हाताऱ्याचं?” मोबाईल समोर. “नाव सांग. आधार दाखव. किती पैसे मिळतात एका माणसामागे?” पाच मिनिटांत डब्यातले दहा जण गोळा. पुस्तकं ओढून घेतली. मुलगी रडायला लागली. शेवटी गणवेशातले दोघे आले आणि बडनेऱ्याला चौघांना खाली उतरवलं. गाडी सुटली तेव्हा ती पोरं प्लॅटफॉर्मवर सामान घेऊन उभी होती. पुढं काय झालं मला माहीत नाही.

या सगळ्या गोंधळात काका दोनदा बोलायला गेले. एकदा त्यांना कुणीतरी “तुम्ही बसा हो, तुम्हाला नाही कळत” म्हणून खांदा दाबून बसवलं. सगळं शांत झाल्यावर ते माझ्याकडे बघून म्हणाले, “मले इचारा ना! एवढं झालं, पण मले तं कोणी इचारलंच नाही.”

मित्रहो, माझं जे काही म्हणणं आहे ते या एका वाक्यात आहे. बाकी सगळं त्याचं स्पष्टीकरण समजा.

मी ख्रिस्ती नाही. घरात माळ आहे, आजोबांची वारी कधी चुकली नाही. मला कुणी येशूबद्दल सांगायला आलं तर मी चहा पाजतो आणि “नको” म्हणतो. आजवर कुणी माझा हात धरला नाही. तर माझा साधा प्रश्न असा: त्या पोराने गुन्हा काय केला?

घटनेच्या पंचविसाव्या अनुच्छेदात धर्म मानण्याचा, आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क आहे, सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन राहून. हा ‘प्रसार’ शब्द कुणी गुपचूप घुसडलेला नाही. डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत त्यावर रीतसर भांडण झालं. लोकनाथ मिश्रांनी त्याला कडाडून विरोध केला. आणि शब्द ठेवा म्हणणाऱ्यांत कोण होते? कन्हैयालाल मुन्शी. सोमनाथच्या मंदिरासाठी झटलेले मुन्शी! त्यांचं म्हणणं साधारण असं, की ख्रिस्ती समाजाशी झालेल्या समझोत्यातून हा शब्द आलाय, तो मोडू नका, आणि भाषणस्वातंत्र्य असलेल्या देशात दुसऱ्याला आपलं मत पटवून देण्याचा हक्क असणारच. शब्द राहिला.

आता कुणीतरी १९७७ चा स्टॅनिस्लॉस खटला काढेल. काढाच. ओडिशाचा १९६७ चा आणि मध्य प्रदेशचा १९६८ चा कायदा सर्वोच्च न्यायालयाने त्यात वैध ठरवला आणि सांगितलं की प्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही. बरोबर. पण त्याच निकालात हेही आहे, की आपल्या धर्माची तत्त्वं समजावून सांगून तो पसरवणं म्हणजेच प्रसार, आणि तो हक्क आहे. गाडीत पोरगा दुसरं काय करत होता? त्याने कुणाला पाण्यात बुडवलं नव्हतं. “प्रार्थना करू का” विचारलं होतं. आणि “कर” असं उत्तर मिळालं होतं.

जबरदस्ती, फसवणूक, धमकी यांच्याविरुद्ध कायदा हवा. यावर वाद नाही. पण आता जे कायदे येतायत ते बघा. उत्तर प्रदेशच्या २०२१ च्या कायद्यात धर्म बदलायचा तर साठ दिवस आधी जिल्हाधिकाऱ्याला कळवायचं. म्हणजे मी उद्या कशावर विश्वास ठेवणार हे आज सरकारला सांगायचं. हिमाचलच्या उच्च न्यायालयाने २०१२ मध्ये तिथल्या कायद्यातली अशीच पूर्वसूचनेची अट रद्द केली होती, माणसाला आपली श्रद्धा स्वतःपाशी ठेवण्याचा हक्क आहे म्हणून. उत्तर प्रदेशात मात्र ती आहेच, वर निर्दोषत्व सिद्ध करायचं ओझं आरोपीवर. आधीच्या धर्मात परत आलात तर ते धर्मांतरच नाही. म्हणजे दरवाजा एकाच बाजूने उघडतो. आणि २०२४ च्या दुरुस्तीने तक्रार कुणीही करू शकतो. आधी निदान बाधित माणूस किंवा त्याचे नातेवाईक लागत. आता साइडच्या बर्थवरचा कुणीही चालेल.

कळलं का? “मले कोणी इचारलंच नाही” हे आता कायद्यातच लिहून ठेवलंय.

त्या कायद्यातली ‘आमिषा’ची व्याख्याही वाचण्यासारखी आहे. त्यात पैसा, भेटवस्तू आहेत, ठीक. पण चांगल्या राहणीमानाचं आश्वासन आणि दैवी कोपाची भीतीसुद्धा आहे. अहो, या व्याख्येत आमच्या गल्लीतला सत्यनारायण बसतो! प्रसाद न घेता कलावती धावली म्हणून तिच्या नवऱ्याची नौका बुडाली, आणि प्रसाद घेतला तेव्हा वर आली. आमिष आणि दैवी कोप, दोन्ही एकाच अध्यायात. आम्ही लहानपणापासून हात जोडून ऐकतोय. कुणी आमचा व्हिडिओ काढला नाही.

महाराष्ट्रातही असा कायदा करण्यासाठी फेब्रुवारी २०२५ मध्ये पोलीस महासंचालकांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. म्हणून म्हणतो, हा विषय बडनेऱ्याच्या प्लॅटफॉर्मवर संपत नाही.

आता जरा आरसा. परक्या माणसाच्या हातात धर्माचं पुस्तक देणं हा फक्त मिशनऱ्यांचा उद्योग आहे का? १९६६ मध्ये न्यूयॉर्कमध्ये ‘इस्कॉन’ सुरू झालं आणि पुढं त्यांचे भक्त अमेरिकेच्या विमानतळांवर अनोळखी प्रवाशांना गाठून पुस्तकं देऊ लागले. विमानतळाने बंदी घातली. प्रकरण थेट तिथल्या सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९९२ चा निकाल काय? विमानतळावर पैसे मागायला बंदी चालेल, पण पुस्तकं-पत्रकं वाटायला बंदी चालणार नाही. ख्रिस्ती बहुसंख्य देशात कृष्णाचं पुस्तक अनोळखी माणसाला देण्याचा हक्क कोर्टाने राखला.

आणि २०११ मध्ये रशियात, सायबेरियातल्या टॉम्स्क शहरात, ‘भगवद्गीता जशी आहे तशी’ या पुस्तकाच्या रशियन आवृत्तीला ‘अतिरेकी साहित्य’ ठरवा म्हणून सरकारी वकील कोर्टात गेले. आठवतंय? आपल्या लोकसभेत केवढा गदारोळ झाला होता! सगळे पक्ष एक झाले. डिसेंबरच्या अखेरीस कोर्टाने मागणी फेटाळली, आपण पेढे वाटले. मलाही आनंद झाला होता. मग तोच न्याय अकोला-बडनेरा मार्गावर का नको? टॉम्स्कमधल्या गीतेसाठी स्वातंत्र्य आणि आपल्या गाडीतल्या नव्या करारासाठी गणवेश, हे कुठलं गणित?

इथवर ज्यांनी माना डोलावल्या त्या ख्रिस्ती मित्रांनो, आता तुमची पाळी. ती वही.

काकांचं नाव, गाव, नंबर कशासाठी हवा होता? मी पोराला विचारलं नाही, पण मला अंदाज आहे आणि तुम्हालाही आहे. संध्याकाळी गटप्रमुखाला सांगायचं असतं, आज किती जणांशी बोललो, किती जणांनी प्रार्थना करू दिली, किती पुस्तकं गेली. मग फोटो, मग अहवाल. कॅन्सर झालेल्या बाईचा नवरा त्या अहवालात एक आकडा होतो. ज्याने मिनिटभरापूर्वी त्याचं दुःख मनापासून ऐकलं, त्याच पोराच्या हातून होतो. हे मला व्हिडिओवाल्याइतकंच वाईट वाटतं. एकाने काकांना वहीत भरलं, दुसऱ्याने व्हिडिओत. काका दोघांनाही नको होते.

दुसरं. काही वर्षांपूर्वी माझ्या आईचं ऑपरेशन होतं. एका धर्मादाय दवाखान्यात, फी निम्मी. आदल्या रात्री एक बाई आल्या, गोड बोलल्या, प्रार्थना केली, पुस्तक उशाशी ठेवून गेल्या. आई नंतर म्हणाली, “नको म्हणावंसं वाटत होतं रे. पण उद्या यांच्याच हातात आहे ना सगळं.” त्या बाई वाईट नव्हत्या. त्यांनी जबरदस्तीही केली नाही. पण आईला ‘नको’ परवडत नव्हतं.

माझी कसोटी एवढीच आहे. समोरच्याला “नको” म्हणायला काही किंमत मोजावी लागते का? गाडीत काकांनी “नको” म्हटलं असतं तर त्यांचं काय गेलं असतं? काहीच नाही. खिडकीबाहेर बघत बसले असते. म्हणून ते संभाषण स्वच्छ होतं. दवाखान्याच्या खाटेवर किंमत आहे. वसतिगृहातल्या दहा वर्षांच्या पोराला किंमत आहे. दुष्काळात ज्याच्या ताटलीत भाकरी वाढली जातेय त्याला किंमत आहे. अशा ठिकाणी सेवा करा, जरूर करा, भूक आणि आजार काही धर्म विचारून येत नाहीत. पण तोंड बंद ठेवून करा. त्याने विचारलं तर सांगा.

आणि जिथं “नको” स्पष्ट सांगितलंय तिथं? नोव्हेंबर २०१८ मध्ये जॉन ॲलन चाऊ नावाचा सव्वीस वर्षांचा अमेरिकन अंदमानातल्या नॉर्थ सेंटिनेल बेटावर गेला. ते लोक कुणालाही येऊ देत नाहीत, हे जगाला माहीत. त्या बेटाजवळ जाणं कायद्याने बंद. बाहेरच्या साध्या आजारानेही ती छोटीशी जमात संपू शकते. तरी पैसे देऊन मच्छीमारांच्या होडीतून गेला. पहिल्यांदा बाण आला, परतला. पुन्हा गेला. मारला गेला. त्याला नेणारे गरीब मच्छीमार अटकेत गेले. त्याच्या मरणाचं मला वाईट वाटतं, पण त्याला हुतात्मा म्हणणाऱ्यांना मी विचारतो: बाणापेक्षा स्पष्ट “नको” कसं म्हणायचं असतं?

तीच गोष्ट टुरिस्ट व्हिसावर येऊन प्रचार करणाऱ्या परदेशी पाहुण्यांची. त्या व्हिसावर धर्मप्रचाराला परवानगी नाही. सत्य सांगायला निघालात आणि विमानतळावरच्या फॉर्मवर खोटं लिहिलंत, तर पुढं ऐकणाऱ्याने तुमच्यावर विश्वास का ठेवावा? आणि तुमच्या खोटेपणाची किंमत तुम्ही मोजत नाही. तुम्ही परत जाता. मोजतो तो इथला, नगरचा, वसईचा, गडचिरोलीचा मराठी ख्रिस्ती.

तुमच्याच पुस्तकात पहिली मिशन ट्रिप आहे. येशू शिष्यांना दोघा-दोघांनी पाठवतो. काय घेऊन? पैसे नाहीत, झोळी नाही, जादा अंगरखा नाही. ज्या घरात घेतील तिथं राहायचं, वाढतील ते खायचं. नाही घेतलं तर पायाची धूळ झटकून पुढं जायचं. जरा विचार करा, यात सत्ता कुणाच्या हातात आहे? ऐकणाऱ्याच्या! सांगणारा त्याच्या दारात पाहुणा आहे, उपाशी आहे, त्याच्या भाकरीवर अवलंबून आहे. आज उलटं झालंय. सांगणाऱ्याकडे दवाखाना, शाळा, गिटार, कॅमेरा आणि वही. ऐकणाऱ्याकडे फक्त गरज.

आणि हे जमत नाही असं नाही. याच लोहमार्गावर जमलं होतं. १८९३ च्या सुमारास नागपूरहून राजनांदगावला जाणाऱ्या गाडीत एक चित्पावन कवी बसला होता, नारायण वामन टिळक. समोर एक अनोळखी युरोपियन. गप्पा काव्यावरून निघाल्या आणि धर्मावर गेल्या. जाताना त्या माणसाने नवा करार हातात ठेवला आणि वाचा म्हणाला. नाव विचारलं नाही, सांगितलं नाही. ना पत्ता, ना नंबर. ती भेट पहिली आणि शेवटची. टिळकांनी वाचलं, चिकित्सा केली, झगडले, आणि १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत बाप्तिस्मा घेतला. कुणीही बोलवायला आलं नव्हतं.

लक्ष्मीबाई? नवरा ख्रिस्ती झाला म्हणून त्या झाल्या नाहीत. ताटातूट सोसली, रडल्या, भांडल्या. नंतर नवऱ्याच्या घरी आल्या तरी सोवळं सोडलं नाही. स्वतःला पटलं तेव्हा, १९०० मध्ये, बाप्तिस्मा घेतला. ‘स्मृतिचित्रे’ ज्यांनी वाचलंय त्यांना विचारा, त्या बाईला कुणी फसवू शकलं असतं का! आणि टिळकांनी ख्रिस्ती होऊन तुकोबांना सोडलं का? उलट तुकारामांच्या पुलावरूनच मी ख्रिस्ताकडे आलो, असं ते सांगत. १९१७ मध्ये तर त्यांनी मिशनचा पगारही सोडला आणि ‘देवाचा दरबार’ काढला, बाप्तिस्मा घेतलेल्यांसाठी आणि न घेतलेल्यांसाठीही.

आज तो युरोपियन त्याच गाडीत बसला असता तर बडनेऱ्याला उतरवला गेला असता. आणि आजच्या पद्धतीची मिशन ट्रिप असती तर टिळकांचा नंबर वहीत गेला असता, रोज सकाळी गुड मॉर्निंगसोबत वचन आलं असतं, आणि टिळकांनी तिसऱ्या दिवशी ब्लॉक केलं असतं. दोन्हीकडून मराठी एका कवीला मुकली असती.

एक आक्षेप हमखास येतो. “टिळक विद्वान होते हो. गरीब, अडाणी माणसाला कळत नाही, त्याचं संरक्षण नको का?” हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं. काकांना कुठलं बियाणं पेरायचं ते कळतं, कर्ज कुठून काढायचं ते कळतं, मत कुणाला द्यायचं ते कळतं. तेव्हा तुम्ही त्यांना ‘जनता जनार्दन’ म्हणता. फक्त देव निवडताना ते अडाणी? बाबासाहेबांनी १९३५ मध्ये येवल्याला धर्म सोडण्याची घोषणा केली आणि १९५६ मध्ये नागपुरात लाखोंच्या साक्षीने बौद्ध धम्म घेतला. ते लाखो लोक बहुतेक गरीबच होते. ‘यांना कळत नाही’ हे त्यांच्याबद्दलही म्हटलं गेलं. त्यांना काय कळलं होतं ते पुढच्या दोन पिढ्यांनी दाखवलं.

आणि ‘देश ख्रिस्ती होईल’ ही भीती? २०११ च्या जनगणनेत देशात ख्रिस्ती २.३ टक्के. १९५१ मध्येही जवळपास तेवढेच. महाराष्ट्रात एक टक्काही नाहीत. एवढ्या मिशन ट्रिपा होऊनही! म्हणजे या देशातल्या माणसाला “नको” म्हणता येतं, छान येतं. त्याच्यावर विश्वास ठेवा.

तर माझी मागणी साधी आहे. व्हिडिओवाल्यांनो, मोबाईल खाली ठेवा आणि आधी ऐकणाऱ्याला विचारा: काका, तुम्हाला त्रास होतोय का? ते हो म्हणाले तर मी तुमच्या बरोबर उभा राहीन. मिशनवाल्यांनो, वही घरी ठेवा. एकदा विचारा, एकदा सांगा, आणि निघा. पुस्तक द्यायचं तर टिळकांच्या त्या सहप्रवाशासारखं द्या, परत न विचारता. सरकार, फसवणूक आणि जबरदस्तीला शिक्षा करा, पण तक्रार ज्याची फसवणूक झाली त्याच्या तोंडून ऐका.

आणि मी? मी खिडकीच्या सीटवर होतो. सगळं पाहिलं होतं, ऐकलं होतं. “त्यांनी विचारून प्रार्थना केली, काकांनी हो म्हटलं” एवढं एक वाक्य बोलायचं होतं. नाही बोललो. उगीच कशाला, असं वाटलं. त्या दहा जणांत मी नव्हतो म्हणून मी निर्दोष ठरत नाही. प्लॅटफॉर्मवर रडणाऱ्या त्या मुलीने गाडी सुटताना खिडकीतून आत पाहिलं, आणि मी मोबाईलमध्ये मान घातली.

नागपूरला उतरताना काकांची पिशवी मी धरली. ते छोटं पुस्तक अजून आत होतं, डब्याच्या शेजारी. गर्दीतल्या कुणालाही ते सुचलं नव्हतं, कारण काकांकडे कुणी बघतच नव्हतं. मी विचारलं, “वाचणार का?”

काका हसले. “पाहू. नाही आवडलं तं ठेवून देईन.”

एवढंच तर होतं. एवढ्यासाठी चार पोरं खाली उतरवली आपण.